डॉमिनोला पाणी

क्यूबातल्या कामाहुआनी गावात सेनायदा बात्येला समोर सगळे डॉक्टरबाई म्हणतात आणि पाठ वळली की खडूबाई. गावच्या साथरोग खात्यात तिची निम्मी हयात गेली. तिच्या सायकलच्या दांडीला एक कापडी पिशवी लटकलेली असते. तीत साबणाची वडी, क्लोरीनची बाटली आणि शाळेतून मागून आणलेले खडू असतात. कुठे साथ आल्याचं कळलं की बाई आधी औषध काढत नाही, खडू काढते. शाळा असो, कारखाना असो की खानावळ, ती तिथल्या फरशीवर अख्ख्या जागेचा नकाशा काढते. आजारी माणूस जिथे झोपतो, बसतो, जेवतो तिथे फुली; धडधाकट माणसाच्या जागी गोल. मग त्या नकाशाच्या मधोमध खुर्ची टाकून ती नुसती बसते. येणारेजाणारे फुल्यांवरून उड्या मारतात, टिंगल करतात. तिचं तिकडे लक्ष नसतं.

"विषाणूला पाय नसतात," असं ती खात्यात नव्याने आलेल्यांना सांगते. "तो फुकट्या प्रवासी आहे. कुणाच्या हातावर बसून गेला तेवढं शोधा."

खालच्या रस्त्यावरच्या वृद्धाश्रमात उलट्याजुलाबांची साथ आली तेव्हाही ती सोमवारी सकाळी तिथे पोचली आणि मधल्या अंगणात गुडघे टेकून नकाशा काढू लागली. इमारत साधी. एका बाजूला पुरुषांची ओसरी, समोर बायकांची, मध्ये अंगण आणि अंगणात आंब्याचं झाड. पाच पुरुष आडवे झाले होते. बायकांच्या बाजूला एकच, ऑर्तेन्सिया आजी. तिला सगळ्यांच्या आधी झालं होतं आणि एव्हाना ती बरी होऊन भाताची पेज नको म्हणून कुरकुरत होती. कुणी दगावलं नव्हतं, कुणाला इस्पितळात हलवावं लागलं नव्हतं. पण वृद्धाश्रमातली साथ म्हणजे कोरड्या गवतातली ठिणगी. सेनायदाने त्याच दिवशी फाटक बंद करवलं. बाहेरचा आत नाही, आतला बाहेर नाही.

"किती दिवस?" आंब्याखालून आवाज आला.

विचारणारा फिलिबेर्तो. वय सत्त्याऐंशी, रेल्वेत तारमास्तर होता. अजूनही बोलताना बोटं टेबलावर वाजवायचा.

"शेवटचा माणूस आजारी पडल्यानंतर तीन दिवस कोरडे गेले पाहिजेत," सेनायदा म्हणाली. "मधे एक जरी नवा पडला तरी मोजणी पुन्हा पहिल्यापासून."

"म्हणजे पुढच्या रविवारपर्यंत उघडेल."

"उघडेल किंवा उघडणार नाही. पुढच्या रविवारी काय आहे?"

फिलिबेर्तोने तिच्याकडे अशा नजरेने पाहिलं की जणू तिने गावाचं नाव विचारलं. पुढच्या रविवारी गावच्या डॉमिनो स्पर्धेचा अंतिम सामना होता. एका बाजूला वृद्धाश्रम, दुसऱ्या बाजूला जुन्या बर्फ कारखान्याचे निवृत्त कामगार. यंदा सामना वृद्धाश्रमाच्या अंगणातच व्हायचा होता. फिलिबेर्तो याआधी दोनदा अंतिम सामन्यात बसला होता आणि दोन्ही वेळा बर्फवाल्यांनी त्याला पाणी पाजलं होतं. तिसरी संधी येईल असं धरून चालायचं आता त्याचं वय राहिलं नव्हतं. आणि स्पर्धेचा नियम सरळ होता: ठरल्या दिवशी फाटक बंद, तर सामना बर्फवाल्यांचा.

"डॉक्टरबाई, हगवणीने हरलो असं माझ्या थडग्यावर लिहू नका," तो म्हणाला.

"मग हात धुवा," सेनायदा म्हणाली आणि पुढची फुली काढली.

पहिले दोन दिवस तिने ठरलेल्या वाटा तपासल्या. स्वयंपाकघर पाहिलं. कोंबडीचे तळलेले क्रोकेत सगळ्यांनी खाल्ले होते आणि आजारी मोजकेच होते, म्हणजे क्रोकेत निर्दोष. टाकीतलं पाणी सगळेच पीत होते, तेही सुटलं. कॉफीचे पेले उकळून घेतले जात होते. राहिले ते हात, आणि हात ज्याला ज्याला लागतात त्या वस्तू. तिने माइबेलला बोलावलं. माइबेल तिथली सेविका, नुकतीच सान्ता क्लारा शहरातून आलेली, कामाला वाघ आणि आवाज सायरनसारखा.

"दाराच्या मुठी, कठडे, डोलखुर्च्यांचे हात, काठ्यांची टोकं," सेनायदाने यादी सांगितली. "सगळ्याला रोज क्लोरीनचं पाणी. हाताला लावायच्या जेलवर विसंबू नको, या विषाणूला ते मानवतं. आणि हो, ते डॉमिनो. त्याला पाणी देतात का विचार."

माइबेलने जागचं न हलता अंगणापलीकडे हाक घातली. "ओ आजोबा! डॉक्टरबाई विचारतायत, डॉमिनोला पाणी देता का?"

फिलिबेर्तो ताठ झाला. "कोण म्हणतं देत नाही?"

"अहो, नुसतं विचारतायत!"

"प्रत्येक डावानंतर देतो म्हणावं! दोन्ही हातांनी! चारही जण! आणि कुणाला शंका असेल तर समोर येऊन बोला म्हणावं!"

सेनायदाला बरं वाटलं. प्रत्येक डावानंतर, चौघं मिळून. इतकी शिस्त तिने इस्पितळातसुद्धा पाहिली नव्हती. तिने डॉमिनोच्या टेबलाभोवती स्वच्छ गोल काढला आणि तो विषय मनातून काढून टाकला. म्हातारा एवढा का तडकला, हे तिला कळलं नाही. आजारपणात माणसं तडकतातच.

बुधवारी सहावा पुरुष पडला. कोरड्या दिवसांची मोजणी पुन्हा पहिल्यापासून. फिलिबेर्तोने बोटांवर हिशेब केला. आज पडला, म्हणजे रविवार अजून गाठता येतो. पण आता आणखी एकही चालणार नाही. दुपारच्या जेवणाला त्याने डाळ-भाताचं ताट तसंच सरकवलं.

सेनायदा नकाशात बसून होती. फुल्या पुरुषांच्या ओसरीवर होत्या, आणि अंगणापलीकडे ती एकच फुली, ऑर्तेन्सियाची. आजी चाकाच्या खुर्चीत. पुरुषांकडे जात नाही, जेवणघरात येत नाही, ताट खोलीत जातं. डोळ्यांनी फार अधू. तिच्या शेजारच्या खाटेवरची बाई ठणठणीत, पलीकडची ठणठणीत. मग ही एकटी, तीही सगळ्यांत पहिली?

"पाणी कुठेतरी मुरतंय," सेनायदा स्वतःशी म्हणाली.

तिने पुरुषांना एकेक करून विचारलं, बायकांच्या बाजूला कोण जातं? कुणीच नाही. अगदी एकसुरात, शाळेतल्या पाढ्यासारखं: कुणीच नाही, डॉक्टरबाई. एवढं एकमत तिला आवडलं नाही. म्हातारी माणसं पावसाबद्दलसुद्धा एकमताने बोलत नाहीत.

तिने सायकल काढली, सगळ्यांना ऐकू जाईल असा निरोप घेतला, कोपऱ्यावर कॉफी प्यायली आणि दुपारच्या झोपेच्या वेळी मागच्या दाराने परत आली. ओसऱ्यांवर सामसूम होती. वीज गेलेली, पंखे बंद. त्या शांततेत बायकांच्या बाजूच्या शेवटच्या खोलीतून आवाज येत होता: टक्, टक्, मग कुजबुज, मग पुन्हा टक्.

तिने दार ढकललं.

खाटेवर मधोमध एक फळी ठेवली होती आणि फळीवर डॉमिनो. चार बाजूंना चौघं: फिलिबेर्तो, आणखी दोन पुरुष आणि चाकाच्या खुर्चीत ऑर्तेन्सिया. आजीने डाव्या हाताची तर्जनी जिभेला लावली, मांडलेल्या ओळीच्या दोन्ही टोकांवरून ते बोट फिरवलं, खड्डे मोजले, आणि हातातली सोंगटी टक्कन लावली.

"संपलं!" ती म्हणाली. "किती राहिले तुझ्याकडे, सांग. लपवू नकोस, मला वास येतो." आणि मग, दारात कुणी उभं आहे याची गंधवार्ताही नसल्यामुळे, मोठ्याने: "चला, पाणी द्या!"

चौघांनी सगळ्या सोंगट्या पालथ्या केल्या. चौघांचे आठ तळवे त्यांच्यावर आले. आणि त्या आठ तळव्यांनी ती रास गोलगोल, खडखड, मळलेल्या कणकेसारखी घुसळायला सुरुवात केली.

क्यूबात पत्ते पिसावेत तसे डॉमिनो पिसण्याला पाणी देणं म्हणतात. सोंगट्यांवर पाणी खेळवल्यासारखे हात फिरतात म्हणून. हे तिथे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, आणि सेनायदालाही होतं. पण कानावरून गेलेलं असणं वेगळं आणि जिभेवर असणं वेगळं. तिच्या घरात डॉमिनो नव्हता. ती जन्मली त्या दिवशी बाप चौकात डाव सोडून उठला नाही. तेव्हा तिच्या आईने, बाळंतिणीच्या खाटेवरून उतरल्यावर पहिलं काम काय केलं तर डॉमिनोची पेटी विहिरीत टाकली. डॉमिनोला पाणी देणं त्या घरात एकदाच घडलं होतं आणि ते शब्दशः घडलं होतं.

सेनायदा दारात मटकन खाली बसली आणि हसू लागली. ज्या गावात नळाला दिवसाआड पाणी येतं, त्या गावात चार म्हातारे प्रत्येक डावानंतर डॉमिनो धुतात, यावर तिने विश्वास ठेवला होता. साबण शोधायलाही गेली नव्हती.

"सापडलो," फिलिबेर्तो म्हणाला.

"पोरी, तू कोण?" ऑर्तेन्सियाने विचारलं. "हसतेस तर आत ये. रडणाऱ्यांना बाहेर ठेवतो आम्ही."

मग सगळं बाहेर पडलं. ऑर्तेन्सिया ही अंतिम सामन्यातली फिलिबेर्तोची जोडीदार होती, आणि तेच त्याचं गुपित. जन्मभर ती तंबाखूच्या वखारीत पानांच्या शिरा काढत आली होती. डोळे गेले तरी तिची बोटं पाहू शकत होती. बर्फवाल्यांना तिच्याबद्दल कळू नये म्हणून सराव दुपारी, तिच्या खोलीत, दार लावून. स्वयंपाकी बर्फवाल्यांच्या कप्तानाचा मेहुणा, म्हणून कुणाजवळ चकार शब्द काढायचा नाही अशी शपथ झाली होती. मग डॉक्टरबाईला तरी कसं सांगणार?

"आणि परवा एवढे चिडलात ते?" सेनायदाने विचारलं.

"चिडू नको तर काय? तो बर्फवाल्यांचा कप्तान आबुन्दियो गावभर सांगत फिरतो की आम्ही पाणी नीट देत नाही, सोंगट्या ओळखून ठेवतो. मला वाटलं, चहाडी सरकारी खात्यापर्यंत पोचली!"

"साथ सुरू होण्याआधी बाहेरचं कुणी खेळायला बसलं होतं?"

फिलिबेर्तोने खाली पाहिलं. "माझा भाचा. ट्रक चालवतो. एकच डाव बसला. मधेच दोनदा उठून गेला बिचारा, म्हणाला, पोट ठीक नाही."

सेनायदाने डोळे मिटले. वाट आता पायाखालच्या फरशीइतकी स्पष्ट होती. भाच्याचे हात सोंगट्यांवर. ऑर्तेन्सियाचं बोट सोंगटीवरून जिभेवर आणि जिभेवरून पुन्हा सोंगटीवर, वखारीतली सवय. म्हणून ती पहिली. आणि मग प्रत्येक डावानंतर, कुणावर अन्याय नको म्हणून, चौघांनी मिळून तो विषाणू सगळ्या सोंगट्यांना सारखा वाटला होता. जितका प्रामाणिक डाव, तितकी पक्की साथ.

"आबुन्दियोला सांगा," ती म्हणाली, "तुमच्याइतकं चोख पाणी मी कुठे पाहिलेलं नाही."

सोंगट्या तिथल्या तिथे क्लोरीनच्या बादलीत गेल्या. फिलिबेर्तो बादलीच्या कडेला उभा राहून प्रेतयात्रेला आल्यासारखा बघत होता. सराव बंद. हात साबणाने, तिच्या डोळ्यांदेखत. आजीच्या बोटासाठी तिने पोस्टात तिकिटं ओली करायला ठेवतात तसा एक ओला स्पंज आणून दिला.

"स्पंजाला चव नाही," ऑर्तेन्सिया म्हणाली.

"म्हणूनच आणलाय."

गुरुवार कोरडा गेला. शुक्रवारी एकाला मळमळलं आणि अख्ख्या ओसरीने श्वास रोखला. त्याने चोरून अर्धं डबडं पेरूचा मुरंबा खाल्ला होता, हे निघाल्यावर त्याला शिव्याही प्रेमाने मिळाल्या. शनिवारही कोरडा. रविवारी सकाळी सेनायदाने अंगणातला नकाशा पाणी ओतून पुसला आणि फाटक उघडायला सांगितलं. त्याच ओल्या जागेवर टेबल मांडलं गेलं.

बर्फवाले इस्त्रीच्या सदऱ्यांत आले. पुढे आबुन्दियो, आडवा, बुटका, बगलेत शिसवी पेटी. समोर चाकाची खुर्ची पाहून तो थबकला.

"ही कोण? तुझी जोडीदारीण?"

"का, भीती वाटते?" ऑर्तेन्सियाने विचारलं.

"मावशी, मी बायकांवर दया दाखवत नाही हं."

"मला दिसत नाही रे बाळा. तू दया दाखवलीस तरी कळायची नाही."

अंगण हसलं. मग सेनायदाने तिचे नियम सांगितले. बसण्याआधी सगळ्यांनी साबणाने हात धुवायचे. आणि पाणी कुणी खेळाडूने द्यायचं नाही; सोंगट्या एकच माणूस पिसणार, ती स्वतः.

"ही तर त्यांच्या बाजूची!" आबुन्दियो ओरडला.

"तिला डबल सोंगटीसुद्धा ओळखता येत नाही," फिलिबेर्तो म्हणाला. "लबाडी करायला खेळ यावा लागतो, आबुन्दियो. स्वतःलाच विचार."

आबुन्दियोने शिसवी पेटी पुढे केली. "मग डॉमिनो माझा. बापाचा आहे, हाडाचा."

"क्लोरीनमध्ये बुडवून देते," सेनायदा म्हणाली.

"माझ्या बापाला? क्लोरीनमध्ये?" त्याने पेटी छातीशी धरली. "त्यापेक्षा तुमचाच आणा."

त्यांचाच आला. आणि तेव्हाच सेनायदाच्या ध्यानात आलं की क्लोरीनने विषाणूबरोबर रंगही नेला होता. सोंगट्या दातांसारख्या पांढऱ्याशुभ्र. ठिपक्यांचे खड्डे शाबूत होते, पण त्यातला काळा रंग गेला होता. रंग दुकानात नव्हता, बुटाचं पॉलिश गावात नव्हतं. पांढऱ्यावर पांढरे खड्डे, वर आंब्याची हलती सावली.

आबुन्दियोने सोंगटी नाकाशी नेली. "हे सहा की पाच?"

"चष्मा आण," फिलिबेर्तो म्हणाला.

"लावलेलाच आहे!"

सेनायदाने पहिल्यांदा पिसलं तेव्हा दोन सोंगट्या उताण्या पडल्या आणि एक जमिनीवर गेली. लोकांनी शिट्ट्या मारल्या. कुणीतरी ओरडलं, पोळ्या लाटतेय का, डॉक्टरबाई! तिसऱ्या डावापर्यंत तिचे तळवे सैल झाले. सोंगट्या हाताखालून सरकतात, पुन्हा येतात, त्या खडखडाटाला एक लय असते. बाप त्या दिवशी का उठला नाही, याचा तिला पहिल्यांदाच थोडा अंदाज आला. माफ केलं असं नाही, अंदाज आला एवढंच.

सामना बरोबरीने चालला होता. बर्फवाले जुने खेळाडू, अंधारातही वाईट खेळणारे नव्हेत. पण प्रत्येक चालीला त्यांना ओळीवर वाकावं लागायचं, डोळे बारीक करावे लागायचे, एकमेकांना विचारावं लागायचं, आणि विचारताना हातात काय नाही ते कळून जायचं. ऑर्तेन्सिया स्पंजावर बोट टेकवायची, ओळीच्या टोकांवरून फिरवायची आणि डोकं किंचित कलवून ऐकायची. फिलिबेर्तो तोंड मिटून होता. त्याची बोटंही टेबलावर वाजत नव्हती. तारमास्तर आहे, खुणा करेल, अशी हरकत आबुन्दियोने आधीच घेतली होती.

शेवटच्या डावात दोन्ही बाजूंना जिंकायला थोडेच गुण हवे होते. ओळीच्या एका टोकाला चार होते, दुसऱ्या टोकाला दोन. ऑर्तेन्सियाची पाळी आली. तिच्याकडे तीन सोंगट्या उरल्या होत्या. तिने ओळ चाचपली. मग एकदम थांबली आणि टेबलावरची सगळी ओळ, सुरुवातीपासून, पुन्हा बोटाने वाचली.

"मावशी, जपमाळ ओढताय का?" आबुन्दियो म्हणाला.

"तुझ्यासाठीच," ती म्हणाली आणि दोन-चार लावली. आता दोन्ही टोकांना चार. बाकी सगळ्या चारच्या सोंगट्या ओळीत पडून चुकल्या होत्या; ते तिने नुकतंच मोजलं होतं. कुणाकडेच लावायला काही नव्हतं. डाव कोंडला.

सगळ्यांनी हातातल्या सोंगट्या उघड्या केल्या. ठिपके मोजायचे, ज्यांचे कमी, त्यांचा डाव. आबुन्दियोने स्वतःच्या सोंगट्या डोळ्यांजवळ नेऊन मोजल्या, मग अंगठ्याने चाचपून मोजल्या. मग त्या ऑर्तेन्सियापुढे सरकवल्या. "तुम्हीच मोजा. माझा डोळ्यांवर विश्वास राहिला नाही."

तिने मोजल्या. "एकोणीस. आणि जोडीदाराचे अकरा. आमचे दोघांचे मिळून बावीस."

फिलिबेर्तो उठला नाही. ओरडलाही नाही. माइबेलने सगळ्या गावाला पुरेल एवढी आरोळी ठोकली, ओसरीवरच्या बायकांनी झाकणं बडवली, मुरंबावाल्याने कठड्याला धरून नाचायचा प्रयत्न केला. फिलिबेर्तो नुसता बसून होता, दोन्ही तळवे टेबलावर पालथे ठेवून, आणि त्याची बोटं हळूहळू वाजू लागली. जवळच बसलेल्या एका जुन्या रेल्वेवाल्याने कान दिला.

"काय म्हणतोय?"

"गाडी वेळेवर पोचली, म्हणतोय."

आबुन्दियो मानी माणूस. हरलेल्याने पाजायचं हा त्यांचा रिवाज. त्याने बाहेर उभ्या हातगाडीवरून गोणपाटात गुंडाळलेली बर्फाची लादी आत आणवली, स्वतः हातोड्याने फोडली, त्यावर लिंबू आणि उसाचा रस ओतला. पेले पटापट फिरू लागले. पहिला पेला त्याने ऑर्तेन्सियाला दिला, वाकून.

सेनायदाच्याही हातात पेला आला. ती तो उन्हाकडे धरून बघत राहिली.

"आबुन्दियो, कारखाना बंद होऊन तर वर्षं झाली. हा बर्फ कुठला?"

"माझ्या मुलाच्या फ्रीजरचा. का?"

"कुठल्या पाण्याचा?"

"अहो, आता बर्फालाही पाणी दिलं का विचारणार?"

"उकळलं होतं का?"

"उकळून, गाळून, आणि माझ्या सुनेच्या शिव्या खाऊन!" आबुन्दियोने हातोडा खाली ठेवला. "डॉक्टरबाई, आयुष्यात पहिल्यांदा हरलोय. निदान बर्फ तरी मला येतो, असं म्हणा."

तिने पेला नाकाशी नेऊन वास घेतला. मग ऑर्तेन्सियाकडे पाहिलं. आजीचा पेला रिकामा झाला होता आणि ती तो दुसऱ्यांदा पुढे करत होती.

"मला उद्या सकाळी सुनेचा पत्ता हवा," सेनायदा म्हणाली, आणि प्यायली.